कर्नलच्या नेटवर्किंग कोडमधला मालकीचा बग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालकीचा बग म्हणजे नेमकं काय?

सी भाषेत पॉइंटर म्हणजे नुसता पत्ता. त्या पत्त्यावरची मेमरी परत कोणी करायची हे पॉइंटर सांगत नाही आणि कंपायलरही विचारत नाही. कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, ते ठरतं फंक्शन लिहिणारा आणि ते वापरणारा यांच्यातल्या समजुतीवर. दोघांची समजूत जुळली नाही की तीनपैकी एक गोष्ट होते. दोघंही मेमरी सोडतात, म्हणजे डबल फ्री. कोणीच सोडत नाही, म्हणजे लीक. किंवा एकाने सोडल्यावरही दुसरा ती वापरत राहतो, म्हणजे यूज-आफ्टर-फ्री.

इथली उत्तरं लिनक्स कर्नल डोळ्यासमोर ठेवून लिहिली आहेत. बीएसडी या दुसऱ्या युनिक्स घराण्याचा उल्लेख जिथे फरक शिकवून जातो तिथेच केला आहे.

नेटवर्किंगमध्येच हे बग इतके का सापडतात?

कारण पॅकेट हातोहात फिरतं. कर्नलमधल्या बऱ्याचशा वस्तू ज्या मॉड्यूलमध्ये जन्मतात तिथेच संपतात. पॅकेटचं तसं नाही. ड्रायव्हरने तयार केलेला बफर ब्रिज, फायरवॉल, आयपी, टीसीपी असा फिरत सॉकेटच्या रांगेत पोचतो, आणि शेवटी तो सोडणाऱ्या कोडला तो कुठे जन्मला याचा पत्ताही नसतो. वाटेत कुठल्याही थराला ते पॅकेट फेकायचा, क्लोन करायचा किंवा रांगेत थांबवून ठेवायचा अधिकार आहे. त्यात हे सगळं अनेक सीपीयूंवर एकाच वेळी चाललेलं असतं.

एका पॅकेटची मालकी नक्की कुठे मोजली जाते?

इथे बहुतेकांची पहिली चूक होते. मोजणी एका जागी आहे असं ते धरून चालतात.

पॅकेट म्हणजे 'एसके_बफ' नावाचं स्ट्रक्चर, बोलीत एसकेबी. त्यात 'यूजर्स' हा काउंट असतो. हा मोजतो ते एसकेबीचं डोकं, म्हणजे ते स्ट्रक्चर, किती जणांनी धरून ठेवलंय. पॅकेटमधले बाइट्स मात्र वेगळ्या बफरमध्ये असतात आणि त्या बफरचा स्वतःचा 'डेटारेफ' नावाचा काउंट असतो. 'एसकेबी_गेट' म्हटलं की पहिला काउंट वाढतो: तेच डोकं, आणखी एक धरणारा. 'एसकेबी_क्लोन' म्हटलं की नवं डोकं तयार होतं आणि दुसरा काउंट वाढतो: डोकी दोन, डेटा एक.

फरक पुस्तकी वाटेल, पण एसकेबीला 'नेक्स्ट' आणि 'प्रीव्ह' हे पॉइंटर एकच जोडी असतात. त्यामुळे 'एसकेबी_गेट' करून तेच डोकं दोन रांगांमध्ये घातलंत तर काउंट अगदी बरोबर असूनही दोन्ही रांगा मोडतात. काउंट हा मेमरी कधी सोडायची एवढंच सांगतो. ते स्ट्रक्चर बदलायचा हक्क तुम्हाला आहे का, हा वेगळा प्रश्न आहे आणि काउंट त्याचं उत्तर देत नाही. क्लोन केलेल्या पॅकेटच्या हेडरमध्ये लिहायचं असेल तर आधी 'एसकेबी_काऊ_हेड' करून हेडरची स्वतःची प्रत घ्यावी लागते ते यामुळेच.

याखेरीज एसकेबी स्वतः इतरांना धरून असतो. पाठवणाऱ्या सॉकेटच्या हिशोबात त्याचा आकार लिहिलेला असतो आणि तो 'डिस्ट्रक्टर' फंक्शनमधून वळता होतो. रूटिंगची नोंद कधी रेफरन्स घेऊन, तर कधी न घेता नुसत्या आरसीयूच्या (वाचणारे वाचत असेपर्यंत जुनी वस्तू न सोडण्याची कर्नलमधली सोय) भरवशावर टांगलेली असते. या दुसऱ्या प्रकारचं पॅकेट आरसीयूच्या कक्षेबाहेर नेऊन रांगेत ठेवायचं असेल तर आधी 'एसकेबी_डीएसटी_फोर्स' हवं. ते विसरलेला बग महिनोन्महिने गप्प बसतो. रूटिंग टेबल नेमक्या त्या क्षणी बदललं तरच तो तोंड उघडतो.

फंक्शनच्या नावावरून ते पॅकेट घेतं की परत देतं हे कळतं का?

नाही. मला वाटतं, या विषयातला सगळ्यात जास्त त्रास या एका 'नाही'मुळे आहे.

'डेव्ह_क्यू_एक्समिट'ला पॅकेट दिलं की ते गेलं. उत्तर यश असो वा अपयश, पॅकेट खर्च झालेलं असतं. अपयश आलं म्हणून तुम्ही ते सोडायला गेलात की डबल फ्री. 'नेटिफ_आरएक्स' आणि 'नेटिफ_रिसीव्ह_एसकेबी' यांचंही तसंच: दिल्यानंतर त्याच्याकडे वळून बघायचं नाही.

आता पॅडिंग करणारी फंक्शनं घ्या. 'एसकेबी_पॅडटू' आणि 'एसकेबी_पुट_पॅडटू' मेमरी मिळाली नाही तर एरर देतात आणि जाता जाता पॅकेटही सोडून टाकतात. ड्रायव्हर लिहिणारा एरर बघतो, शहाण्यासारखा साफसफाईच्या लेबलवर उडी मारतो आणि तिथे तेच पॅकेट दुसऱ्यांदा सुटतं. त्याउलट 'एसकेबी_लिनिअराइझ' अपयशी ठरलं तर पॅकेट तुमचंच राहतं, सोडायची जबाबदारीही तुमचीच. 'एसकेबी_रीअलॉक_हेडरूम' नवी प्रत देतं आणि जुनीला हातही लावत नाही, म्हणून जुनी विसरली की लीक. या घोळावर उपाय म्हणून कर्नलच्या 5.15 आवृत्तीत 'एसकेबी_एक्स्पांड_हेड' आलं. ते जमल्यास जुनंच पॅकेट वापरतं आणि अपयश आलं तर ते सोडून देतं.

फ्रीबीएसडीत 'एम_पुलअप' अपयशी ठरलं तर अख्खी एमबफ (तिथले पॅकेटचे बफर) साखळी सोडून शून्य पॉइंटर देतं. लिनक्समधलं त्याचं भावंड 'पीएसकेबी_मे_पुल' काहीही सोडत नाही, पण डेटा दुसरीकडे हलवू शकतं, म्हणून आधी काढून ठेवलेले हेडरचे पॉइंटर शिळे होतात. एका सिस्टीमवरून दुसरीकडे कोड नेताना इथे नेमकं पाणी मुरतं.

मग करायचं काय? फंक्शनच्या वरची टिप्पणी वाचायची, मग तिच्यावर विश्वास न ठेवता फंक्शनचा देह वाचायचा. वाचताना बाहेर पडण्याच्या प्रत्येक वाटेवर एकच प्रश्न विचारायचा: इथून परतताना पॅकेट कोणाचं?

माझा ड्रायव्हर ट्रान्समिट फंक्शनमधून काय परत देतो त्याने मालकी बदलते का?

बदलते, आणि तीही बऱ्याच जणांना वाटतं त्याच्या उलट. 'नेटडेव्ह_टीएक्स_ओके' याचा अर्थ पॅकेट वायरवर गेलं असा नाही. त्याचा अर्थ इतकाच की पॅकेटची काळजी आता ड्रायव्हर घेईल, मग त्याने ते पाठवलेलं असो किंवा फेकलेलं. डीएमए मॅपिंग (डिव्हाइसला मेमरी थेट वाचता यावी म्हणून केलेली जोडणी) फसलं तर पॅकेट सोडा, ड्रॉपचा आकडा वाढवा आणि ओके परत द्या. इथे ओके म्हणायला हात अडखळतो, पण तेच बरोबर आहे.

'नेटडेव्ह_टीएक्स_बिझी'चा अर्थ: मी हातही लावला नाही, पॅकेट तुमचं तुम्ही ठेवा, पुन्हा प्रयत्न करा. म्हणून पॅकेट सोडून बिझी परत देणं हा शुद्ध यूज-आफ्टर-फ्री आहे. वरचा थर ते मेलेलं पॅकेट पुन्हा रांगेत लावतो. आणि ऋण एरर कोड परत दिला तर वरचा थर पॅकेट खर्च झालं असंच धरतो. मेमरी संपल्याचा एरर दिला आणि पॅकेट सोडलं नाही, तर ते कायमचं गळलं.

बिझीची वेळच येऊ न देणं सगळ्यात चांगलं. रिंगमध्ये, म्हणजे बफर कुठे आहे ते डिव्हाइसला सांगणाऱ्या नोंदींच्या (डिस्क्रिप्टर) गोल रांगेत, एका जास्तीत जास्त तुकड्यांच्या पॅकेटपुरती जागा उरली नाही की आधीच रांग थांबवायची. तुकड्यांची कमाल संख्या सर्वसाधारणपणे 17 असते आणि डोक्याचा एक डिस्क्रिप्टर वेगळा.

पॅकेट पाठवल्यावर फक्त त्याची लांबी वाचली. त्यात काय बिघडतं?

हार्डवेअरला डिस्क्रिप्टर दिला, डोअरबेल वाजवली, म्हणजे काम आल्याचं त्याला कळवलं, आणि मग आकडेवारीसाठी 'एसकेबी' मधली 'लेन' वाचली. मधल्या क्षणात दुसऱ्या सीपीयूवर कंप्लीशनचा इंटरप्ट येऊन ते पॅकेट सुटलेलं असू शकतं. लांबी आधी एका स्थानिक व्हेरिएबलमध्ये घ्या. पॅच एका ओळीचा असतो, बग मात्र खरा असतो. हा नमुना मी कुठल्याही अनोळखी ड्रायव्हरमध्ये सगळ्यात आधी शोधतो.

असा एखादा खराखुरा बग सांगता का?

सीव्हीई-2017-6074 (सीव्हीई म्हणजे सुरक्षा-दोषांच्या जाहीर यादीतला क्रमांक). आंद्रे कोनोवालोव यांना तो सिझकॉलर या फझरच्या (वेडंवाकडं इनपुट देऊन बग शोधणारं साधन) मदतीने सापडला आणि फेब्रुवारी 2017 मध्ये दुरुस्त झाला. जागा होती डीसीसीपी या प्रोटोकॉलची अंमलबजावणी.

घडत असं होतं. ऐकत बसलेल्या सॉकेटवर जोडणीची विनंती आली की 'डीसीसीपी_आरसीव्ही_स्टेट_प्रोसेस' ते पॅकेट विनंती हाताळणाऱ्या फंक्शनकडे देई. ते यशस्वी झालं की परत आल्यावर 'डिस्कार्ड' लेबलवर उडी, आणि तिथे दोन अंडरस्कोरवालं 'केफ्री_एसकेबी'. हे दोन अंडरस्कोरवालं रूप काउंट बघत नाही. ते सरळ सोडतं.

बहुतेक वेळा त्यात काही बिघडत नव्हतं, कारण तिथे खरोखरच एकच मालक असे. पण सॉकेटवर 'आयपीव्ही6_आरईसीव्हीपीकेटीइन्फो' हा पर्याय चालू असेल, तर विनंती हाताळणारं आयपीव्ही6चं फंक्शन त्या पॅकेटचा पत्ता पुढच्या वापरासाठी विनंतीच्या नोंदीत ठेवी आणि रीतसर 'यूजर्स' काउंटही वाढवी. त्याचं काहीच चुकत नव्हतं. त्याने रेफरन्स घेतला होता, पण परत आल्यावर वरचं फंक्शन तो न मोजताच पॅकेट मारून टाकी. साधा वापरकर्ता त्यातून रूट होऊ शकत होता.

दुरुस्ती दोन ओळींची: डिस्कार्डवर उडी मारण्याऐवजी 'कन्झ्यूम_एसकेबी' म्हणा आणि शून्य परत द्या. म्हणजे माझा एक वाटा सोडला, उरलेला ज्याचा आहे तो बघेल.

या गोष्टीतला खरा चटका वेगळाच आहे. हीच चूक टीसीपीच्या कोडमध्ये होती आणि ती कितीतरी आधी दुरुस्त झाली होती. डीसीसीपीचा कोड टीसीपीच्या वळणावर लिहिलेला, पण दुरुस्ती तिथवर पोचलीच नाही. सप्टेंबर 2006 मधल्या 2.6.18 या आवृत्तीतही हा बग होता, म्हणजे दहा वर्षांहून जास्त काळ तो तिथे होता. पुढे 6.16 मध्ये डीसीसीपीच कर्नलमधून काढून टाकला गेला.

क्रॅश होत होता तिथे शून्य पॉइंटरची तपासणी टाकली आणि क्रॅश थांबला. पॅच पाठवू का?

नको. सुटलेल्या मेमरीचा पॉइंटर आपोआप शून्य होत नसतो. तपासणीने क्रॅश थांबला असेल तर वेळेचं गणित बदललं, एवढाच त्याचा अर्थ.

मग जादा रेफरन्स घेतला तर?

तो कधी घेतला यावर सगळं आहे. वस्तू जिवंत असल्याची खात्री असताना घेतला, म्हणजे कोणाच्या तरी लॉकखाली किंवा तुमचा स्वतःचा रेफरन्स हातात असताना, तर ठीक. हॅश टेबलमधून आरसीयूच्या कक्षेत काढलेल्या वस्तूचा काउंट कदाचित नुकताच शून्यावर आलेला असतो. तिथे नुसतं वाढवणं म्हणजे मेलेल्याला उठवणं. तिथे 'रेफकाउंट_इंक_नॉट_झीरो' लागतं, आणि ते नाही म्हणालं तर ती वस्तू सापडलीच नाही असं वागायचं.

शिवाय प्रत्येक जादा घेण्याला एक जादा सोडणं लागतं. ते कुठे होणार हे पॅचमध्ये दाखवता येत नसेल, तर तुम्ही यूज-आफ्टर-फ्री देऊन बदल्यात लीक घेतलाय. सुरक्षेच्या दृष्टीने तो कमी वाईट सौदा आहे, हे खरं. 4.11 पासून आलेला 'रेफकाउंट_टी' नेमका तोच सौदा करतो: काउंट बिघडला की तो एका ठरावीक मोठ्या आकड्यावर अडकून बसतो, वस्तू कधीच सुटत नाही आणि लॉगमध्ये इशारा येतो. पण हे सुरक्षाजाळं आहे, त्याच्यावर संसार मांडू नये.

केसॅनचा रिपोर्ट वाचताना सुरुवात कुठून करावी?

केसॅन म्हणजे मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं कर्नलमधलं साधन. त्याच्या रिपोर्टमध्ये मुख्यतः तीन स्टॅक (फंक्शन कॉलच्या साखळ्या) असतात: चुकीचा वापर कुठे झाला, मेमरी कुठे घेतली, कुठे सोडली. नजर पहिल्यावर जाते. मी सोडल्याच्या स्टॅकपासून सुरू करतो, कारण वापरणारा बऱ्याचदा निर्दोष असतो. डीसीसीपीच्या बगमध्येही नोंदीत पॅकेट ठेवणारा निर्दोषच होता. सोडणाऱ्याला सोडायचा हक्क होता का, हे आधी ठरवा. हक्क होता असं निघालं तर मग वापरणाऱ्याने रेफरन्स का घेतला नव्हता ते बघा.

'कॉल_आरसीयू'मधून सोडलेल्या वस्तूंच्या बाबतीत सोडल्याचा स्टॅक आरसीयूच्या कॉलबॅकमध्ये संपतो आणि काहीच सांगत नाही. खाली 'लास्ट पोटेन्शियली रिलेटेड वर्क क्रिएशन' अशा मथळ्याचा आणखी एक स्टॅक असतो, तो वाचा.

एक मर्यादाही आहे. पॅकेटचा डेटा कधी कधी मोठ्या पानातून तुकडे कापून दिलेला असतो. असा एक तुकडा सुटला आणि बाकीचं पान वापरात असलं तर केसॅनला ते दिसत नाही. रिपोर्ट आला नाही म्हणून बग नाही असं नसतं. केसॅन चालवणं परवडत नाही अशा मशीनवर 5.12 पासून केफेन्स हे हलकं साधन आहे. ते मोजक्याच वस्तूंवर पहारा ठेवतं, त्यामुळे एका मशीनवर नशिबाचा खेळ, पण खूप मशीन असतील तर कुठेतरी नक्की सापडतं.

लीक असेल तर क्रॅश होत नाही. मग पकडायचा कसा?

'स्लॅबइन्फो'मध्ये (कर्नलने वाटलेल्या मेमरीची आकडेवारी) 'एसकेबफ_हेड_कॅश'ची ओळ बघा. ट्रॅफिक थांबल्यावरही आकडा खाली येत नसेल तर गळती आहे. केमेमलीक चालू असेल तर ते दर 10 मिनिटांनी मेमरी चाळतं आणि ज्यांच्याकडे कोणाचाच पॉइंटर उरला नाही अशा वस्तू दाखवतं. रांगेत अडकून पडलेलं पॅकेट त्याला दिसणार नाही, कारण त्याच्याकडे पॉइंटर आहे.

नेटवर्क डिव्हाइसचा रेफरन्स गळला तर मात्र बोंब होते. इंटरफेस काढायला गेलात की 'अनरजिस्टर_नेटडिव्हाइस: वेटिंग फॉर ईथ0 टू बिकम फ्री' हा संदेश दर 10 सेकंदांनी येत राहतो आणि काढणारी प्रक्रिया लटकते. संदेशात उरलेला काउंट असतो, पण तो कोणी धरलाय ते नसतं. डिव्हाइसचा काउंट वेगासाठी प्रत्येक सीपीयूवर वेगळा ठेवलेला असल्यामुळे 'रेफकाउंट_टी'चं संरक्षणही तिथे मिळत नाही. 5.17 मध्ये रेफ ट्रॅकर आला तो यासाठी. 'डेव्ह_होल्ड'ऐवजी ट्रॅकरसकट 'नेटडेव्ह_होल्ड' वापरलं की प्रत्येक रेफरन्सला घेतल्याचा स्टॅक चिकटतो आणि कोणी धरून ठेवलंय ते नावानिशी कळतं.

'केफ्री_एसकेबी' आणि 'कन्झ्यूम_एसकेबी' यात फरक काय?

मालकीच्या दृष्टीने काही नाही, दोन्ही एक वाटा सोडतात. पहिल्याचा अर्थ पॅकेट फेकलं, दुसऱ्याचा अर्थ काम होऊन संपलं. ड्रॉप मोजणारी साधनं पहिलंच मोजतात. चुकीचं वापरलंत तर रात्री कोणीतरी नसलेल्या पॅकेट लॉसच्या मागे धावेल.

डीएमएमध्येही मालकी असते का?

असते, फक्त तिथे पक्ष वेगळे: सीपीयू आणि डिव्हाइस. बफर मॅप केला की तो डिव्हाइसचा. अनमॅप किंवा सिंक करेपर्यंत सीपीयूने तो बघायचा नाही. ट्रान्समिटमध्ये सगळ्यात जास्त चुका अर्ध्या वाटेवरून परतताना होतात. डोकं मॅप झालं, तीन तुकडे मॅप झाले, चौथा फसला. आता तिन्ही तुकडे पानाच्या रीतीने आणि डोकं सिंगलच्या रीतीने अनमॅप करायचं, आणि मगच पॅकेट सोडायचं. 'डीएमए_एपीआय_डीबग' चालू ठेवलंत तर यातली विसंगती लॉगमध्ये दिसते.

एरर पाथची चाचणी कशी घ्यायची? ते कधी चालतच नाहीत.

म्हणूनच तिथे बग राहतात. फॉल्ट इंजेक्शनमधलं 'फेलस्लॅब' चालू करा, म्हणजे मेमरीची मागणी मुद्दाम नाकारली जाते आणि एरवी वर्षानुवर्षं न चाललेली लेबलं चालू लागतात. सोबत केसॅन आणि केमेमलीक हवेत, नाहीतर चूक होऊनही कळणार नाही.

लेबलांची 'गोटू' शिडी लिहिताना ज्या क्रमाने घेतलं त्याच्या उलट क्रमाने सोडा आणि लेबलाला काय सोडतं त्याचं नाव द्या. 'एरर1', 'एरर2' अशी नावं असतील तर मध्ये एखादी पायरी वाढली की शिडी मोडलीच. आपोआप साफसफाई करणारं 'फ्री' अ‍ॅट्रिब्यूट आता कर्नलमध्ये आहे, पण नेटवर्किंगचे मेंटेनर ते ड्रायव्हरमध्ये थेट वापरू नका असं लेखी सांगतात. मलाही ते पटतं: पॅकेट दुसऱ्याच्या हवाली करायचं असतं तिथे आपोआप सोडणं हीच नवी अडचण होते.

हे रस्ट भाषेत लिहिलं असतं तर?

हवाली केलेलं पॅकेट पुन्हा वापरलं तर तिथे कंपाइलच होत नाही, त्यामुळे वरचे निम्मे प्रश्न उरले नसते. 6.8 मध्ये रस्टमधला एक ईथरनेट पीएचवाय (वायरशी बोलणारी चिप) ड्रायव्हर आलेला आहे. पण सीच्या फंक्शनवरचं वेष्टण कोणीतरी माणूसच लिहितो, आणि 'एसकेबी_पॅडटू' अपयशात पॅकेट खातं हे त्याला ठाऊक नसेल तर रस्टही त्याच चुकीवर शिक्का मारेल.

पॅचच्या वर्णनात काय लिहू?

कोण मालक होता, त्याने मालकी कुठे सोडली आणि कोणाला ते कळलं नाही, हे तीन वाक्यांत लिहा. 'क्रॅश दुरुस्त केला' यातून परीक्षकाला काहीच मिळत नाही. केसॅनचा रिपोर्ट छाटून द्या, सगळा ओतू नका. मूळ चूक ज्या कमिटने आणली त्याचा किमान 12 अक्षरी हॅश 'फिक्सेस' टॅगमध्ये घाला. त्यावरून स्थिर आवृत्त्यांमध्ये दुरुस्ती कुठवर न्यायची ते ठरतं. ईमेलच्या विषयात 'पॅच नेट' लिहा, 'नेट-नेक्स्ट' नको, ती जागा नव्या सुविधांची. दुसरी आवृत्ती पाठवण्याआधी 24 तास थांबा. आणि दुरुस्तीच्या पॅचमध्ये व्हेरिएबलांचा क्रम सुंदर करण्याचा मोह आवरा.

दुरुस्ती झाली, चाचण्याही पास झाल्या. आता संपलं ना?

अजून एक काम राहिलं. ज्या फंक्शनचा करार तुम्हाला चुकीचा कळला होता, त्याचे बाकीचे सगळे कॉलर ग्रेप करून काढा, आणि ज्या फाइलवरून हा कोड उचलला गेला ती उघडा. डीसीसीपीचा बग सापडला तेव्हा त्याची दुरुस्ती शेजारच्या टीसीपीच्या फाइलमध्ये वर्षानुवर्षं लिहिलेली होती.